विरंगुळ्याचे उद्योग : पस्तिसाव्या हिश्शाचा रणगाडा

एका भगिनीचें पुण्याहून पत्र आलें आहे. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा वर्षभरापासून महायुद्धांतील रणगाड्यांच्या लहान प्रतिकृति जुळवून त्यांस रंग देण्याच्या नादीं लागला आहे. अभ्यास बुडत नाहीं, आणि पैसेही तो दिवाळी व वाढदिवस यांच्या रकमेंतूनच खर्चितो. तेव्हां त्याविषयीं त्यांची तक्रार नाहीं. तक्रार निराळीच आहे. ज्या यंत्रांखालीं माणसें चिरडलीं, तीं यंत्रें देवघराशेजारच्या फळीवर हौसेनें मांडल्यानें मुलाच्या मनावर कोणता संस्कार होणार, असें त्या विचारतात. घरांतील वडील मंडळी नातवाच्या हातचलाखीचें कौतुक करतात, त्यामुळें त्यांस हा विषय काढणेंही अवघड झालें आहे.

प्रश्न रास्त आहे. 'मुलांचा खेळ, चालावयाचेंच' असें म्हणून तो वाटेस लावणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. परंतु उत्तराकडे वळण्यापूर्वीं हा उद्योग आहे तरी काय, हें नीट पाहिलें पाहिजे. कारण दुकानांत मिळणारा तयार खेळण्यांतला रणगाडा आणि या मुलाच्या फळीवरचा रणगाडा या दोन वस्तु एक नव्हेत.

या छंदांत सर्वांत अधिक प्रचार १/३५ या प्रमाणाचा आहे. पस्तीस हा आंकडा वाचून पुष्कळांस कांहीं गूढ गणिताचा भास होतो. वास्तविक त्याचा उगम अगदीं घरगुती आहे. जपानांतील शिझुओका शहरीं टामिया नांवाची पेढी १९४६ सालीं लांकूडकामाचा धंदा म्हणून निघाली व पुढें लांकडी खेळण्यांवरून प्लॅस्टिककडे वळली. १९६० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत तिनें जर्मनांच्या पँथर रणगाड्याचा संच काढला. गाडी विजेवर चालावी म्हणून तिच्या पोटांत मोटर व दोन सेल बसावयास हवे होते. तेवढी जागा धरून गाडी आंखली, आणि मग मोजतां ती मूळच्या सुमारें पस्तिसाव्या हिश्शाची भरली! त्या पेढीचे सूत्रधार शुनसाकु टामिया यांनीं ही हकीकत स्वतःच सांगून ठेविली आहे. २०२५ सालीं ते वारले. पण दोन सेलांनीं ठरविलेलें तें प्रमाण जगभरच्या कारागिरांनीं केव्हांच आपलेंसें केलें आहे. या प्रमाणांत पावणेदोन मीटर उंचीचा शिपाई बरोबर पांच सेंटिमीटरांचा होतो.

उदाहरणादाखल इंग्रजांचा माटिल्डा रणगाडा घेऊं. लांबी सुमारें ५.६ मीटर, म्हणजे टेबलावर सोळा सेंटिमीटर. समोरचें चिलखत जास्तींत जास्त ७८ मिलिमीटर जाड. तें प्रतिकृतींत सव्वादोन मिलिमीटरांचें होईल. वजन सत्तावीस टनांच्या आसपास, आणि एवढें धूड ओढावयास लंडनच्या बसगाड्यांच्या जातीचीं दोन डिझेल एंजिनें. म्हणून वेग बेताचाच : सडकेवर ताशीं सुमारें चोवीस किलोमीटर, आणि रानांतून त्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडा अधिक. हा रणगाडा ज्या व्हल्कन फाउंड्रीनें प्रथम घडविला, तिनेंच १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें धांवलेल्या आगगाडीचीं एंजिनें बनवून पाठविलीं होतीं. आमच्या आजोळच्या मंडळींस बोरीबंदरची गोष्ट माहीत असते; त्या कारखान्यानें नव्वद वर्षांनीं काय घडविलें, हें मात्र अशा एखाद्या छंदामुळेंच घरांत येतें.

आतां प्रत्यक्ष काम. पेटी उघडली कीं सर्व भाग प्लॅस्टिकच्या चौकटींस देंठांनीं चिकटलेले सांपडतात. ते पिळून काढूं नयेत. लहान कातरीनें देंठ थोडा राखून कापावा व राहिलेला भाग सुरीनें आणि बारीक कांचकागदानें साफ करावा. चिकटवावयाचा द्रव म्हणजे डिंक नव्हे. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवितो आणि दोन्ही भाग एकजीव होतात, म्हणून तो कुंचल्याच्या टोंकानें सांध्यावर नुसता टेकवावा. या द्रवाची वाफ डोकें चढविणारी असते. खिडकी उघडी ठेवल्याविना हें काम करूं देऊं नये. कांचकागद पाण्यांत भिजवून वापरला म्हणजे भुकटी उडत नाहीं. फवाऱ्यानें रंग द्यावयाचा असेल तर तोंडावर मुखवटा हवाच. आईनें लक्ष घालावें अशी जागा खरी ही आहे.

जुळणी हा निम्मा भागही नव्हे. सांधे भरून झाल्यावर सबंध गाडीस अस्तराचा एक पातळ हात द्यावा. त्यांत राहिलेले दोष उघडे पडतात. त्यावर मूळ रंग. येथें एक युक्ति सांगण्याजोगी आहे. डबीवर लिहिलेला रंग जसाच्या तसा दिला तर लहान गाडी काळवंडलेली व जड दिसते. दूरचा डोंगर जवळच्याहून फिका दिसतो ना? सोळा सेंटिमीटरांची गाडी म्हणजे दुरून पाहिलेलीच गाडी. म्हणून रंगांत किंचित् पांढरा मिसळावा. मग गडद रंग पुष्कळ पातळ करून तो खांचांखोंचांतून वाहूं द्यावा. कारागीर यास 'वॉश' म्हणतात. तो वाळला कीं कुंचल्यावरचा रंग जवळजवळ पुसून टाकून कोरड्या कुंचल्यानें कडा उजळाव्या. शेपर्ड पेन नांवाचे अमेरिकन कलावंत २०१५ सालीं निवर्तले. मॉनोग्राम कंपनीच्या संचांबरोबर त्यांच्या देखाव्यांचीं पत्रकें येत असत, आणि त्यांवरून एका पिढीनें ही विद्या उचलली. धुळीसाठीं विकतच्या पुडीच हव्यात असें नाहीं. गेरू आणि मुलतानी माती वस्त्रगाळ करून घेतल्यास मोठ्या कुंचल्यानें छान बसतात. माटिल्डाच्या दोन्ही बाजूंस पट्ट्यावरील चिखल खालीं पडावा म्हणून झरोके ठेवलेले आहेत. धुळीचे ओघळ त्यांखालींच यावयास हवेत. वाटेल तेथें माखलेली धूळ पाहिली कीं काम करणाऱ्यानें गाडी समजून घेतली नाहीं हें तत्काळ कळतें.

रंगाची आणखी एक गोष्ट आहे आणि तींत या छंदाचें खरें मर्म आहे, असें आम्हांस वाटतें. १९४० - ४१ सालीं मिसरच्या वाळवंटांत इंग्रजांच्या गाड्यांवर तीन रंगांचे सरळ, तिरके पट्टे ओढीत. तें आंखणारे ब्रिगेडियर कॉंटर यांचें नांव त्या पद्धतीस मिळालें. तिन्हींपैकीं एक रंग कित्येक वर्षें सर्वत्र फिकट निळा म्हणून रंगविला जात असे. इंग्लंडांतील संग्रहालयांत ठेवलेली गाडी तशी रंगविलेली होती. तिच्यावरून पुस्तकांनीं चित्रें छापलीं आणि पुस्तकांवरून कारागिरांनीं रंग घोटले. पुढें कांहीं चिकित्सक मंडळींनीं लष्करी हुकूम व जुने रंगपट शोधून पाहिले, तेव्हां तो रंग 'सिल्व्हर ग्रे', म्हणजे हिरवट झांक असलेला करडा, असल्याचें दिसून आलें. कोणी म्हणेल, एवढ्याशा पट्ट्याचा रंग तो काय! परंतु डोळ्यांनीं पाहिलेल्या वस्तूपेक्षां लिहून ठेविलेला कागद अधिक खरा ठरतो, आणि केव्हां उलट होतें, याचा विवेक ज्या मुलास चौदाव्या वर्षीं एका पट्ट्यावरून कळला, त्याला इतिहासाच्या शिक्षकांनीं अधिक काय शिकवावें?

आतां भगिनींच्या प्रश्नाकडे येतों. लढाईचें खेळणें घरांत आलें कीं लढाईची आवड घरांत येते, हें आम्हांस सरसकट मान्य नाहीं. एच्. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं खेळण्यांतल्या शिपायांच्या लढायांवर 'लिट्ल वॉर्स' हें पुस्तक लिहिलें. त्याच्या अखेरीस त्यांनीं खऱ्या युद्धाची या खेळाशीं तुलना करून खऱ्या युद्धासच मूर्खपणांत काढलें आहे. पुढल्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, हें खरें. पण तें कांहीं खेळण्यांनीं पेटविलें नाहीं.

तरी भगिनींची शंका पुरती फिटत नाहीं, आणि ती फिटूंही नये. धोका आहे तो यंत्राच्या सौंदर्यांत. जर्मन गाड्यांचे घाट डौलदार, रंगाच्या तऱ्हा अनेक. त्यामुळें मुलें त्यांकडेच अधिक ओढलीं जातात, आणि हळूंहळू गाडीबरोबर ती हांकणाऱ्या राजवटीचाही रुबाब वाटूं लागतो. त्या राजवटीचें वांकडें स्वस्तिक विमानाच्या शेंपटीवर चिकटवितांना, आपल्या आजीच्या रांगोळींतील स्वस्तिकाहून तें निराळें कशानें झालें, एवढें तरी मुलानें विचारलें पाहिजे. आणि तें सांगावयास घरांतील कोणीतरी तयार असलें पाहिजे. जर्मनींत तें चिन्ह आज सार्वजनिक ठिकाणीं मिरविण्यास कायद्यानें बंदी आहे. संच आणून देणाऱ्या वडिलांनीं लाखों माणसांच्या कत्तलीची हकीकतही मुलाच्या वयास पेलेल अशी सांगावी. हें न करतां नुसतें कौतुक करणें आम्हांस गैर वाटतें, आणि या बाबतींत आमचें मत भगिनींच्या बाजूचें आहे.

दुसरी सूचना अशी कीं, मुलानें प्रत्येक गाडींत माणूस बसवावा. माटिल्डांत चौघे असत. तिघे बुरुजांत आणि चालक पुढें एकटा. त्याच्या डोक्यावरचें झांकण प्रतिकृतींत अंगठ्याच्या नखाएवढें भरतें. गाडी पेटली तर तेवढ्यांतून बाहेर पडावयाचें, हें तो पांच सेंटिमीटरांचा चालक बसवितांना मुलाच्या बोटांस कळतें. व्याख्यान देण्याची गरज उरत नाहीं.

आणि त्या गाड्या परक्यांच्याच होत्या असेंही नाहीं. ९ डिसेंबर १९४० रोजीं मिसरांत निबेइवाच्या इटालियन तळावर माटिल्डा चालून गेले, त्यांच्यामागें चौथ्या हिंदी डिव्हिजनचें पायदळ होतें. इटालियन तोफांचे गोळे त्या चिलखतास भेदूं शकले नाहींत. पुढें मार्च १९४१ मध्यें एरिट्रियांतील केरेनच्या डोंगरांत माटिल्डांचें एक पथक पांचव्या हिंदी डिव्हिजनबरोबर होतें. त्याच डिव्हिजनमध्यें मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण त्या कड्यांवर लढली. २७ मार्चला केरेन पडलें. याच पलटणीचे रायगडाकडील यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैंत इटलींत धारातीर्थीं पडले व त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या घरांत माटिल्डा रंगविला जातो त्या घरीं हीं नांवें ठाऊक नसावीं, याचें आम्हांस वाईट वाटतें.

मुलास अहिल्यानगरास अवश्य न्यावें. शहराचें नांव अहमदनगर असतांना, १९९४ सालीं, तेथें लष्करानें रणगाड्यांचें संग्रहालय उघडलें. माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपान्यांचा लहानगा हा-गो असे अनेक रणगाडे तेथें उघड्यावर उभे आहेत. पुण्याहून सकाळीं निघून संध्याकाळीं परत येतां येतें. जातांना वही न्यावी. रंगाकडे फारसें पाहूं नये, कारण प्रदर्शनासाठीं गाड्या पुनःपुन्हां रंगवितात. पाहावयाचे ते खिळे, बिजागऱ्या, सांधे आणि झिजलेल्या कडा. माटिल्डाच्या समोर मुलाला उभें करावें, आणि चालकाचें झांकण त्याच्या खांद्यांच्या रुंदीशीं ताडून पाहावें. भगिनींनीं स्वतःही बरोबर जावें.