लहान दुर्बीण, मोठे भांडवल

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात प्रा. कावसजी नायगामवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे सूर्याच्या वातावरणाचे वर्णपट टिपले. पुढे त्यांच्या निवृत्तीनंतर, १९१२ साली, पुण्याची तख्तसिंगजी वेधशाळा बंद झाली. तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. व्यक्तीबरोबर संस्थाही संपली!

लहान दुर्बिणीला सूक्ष्मभेदी वर्णपटलेखक जोडला, तर वर्णरेषांच्या सरकण्यावरून तेजस्वी ताऱ्यांची गती मोजता येते. मोठ्या वेधशाळेत एकाच ताऱ्यासाठी सलग रात्री मिळणे दुर्मिळ. लहान दुर्बिणीचे खरे भांडवल तेच आहे. म्हणून बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांनी मिळून असे एक यंत्र उभारावे. मात्र खरेदीच्या अनुदानाआधी निरीक्षकाच्या कायम वेतनाची तरतूद व्हावी. अन्यथा यंत्र येईल, वेध थांबतील आणि उरेल ती केवळ जडवस्तू-नोंदवहीतील एक ओळ.