आडव्या बाटलीच्या पलीकडे

मंडळी, आज जरा अवघडल्यासारखा विषय घेते आहे. नातेवाईकांपैकी काहीजण म्हणतील, 'मावशीला या वयात हे काय सुचलं!' पण सुचलं खरं.

आमच्या शहापूर-मुरबाडकडे दारूविरुद्ध बोलायचं म्हणजे पुरुषांच्या दारूविरुद्ध. ते योग्यच आहे. मार खायचा बायकोने, उपाशी राहायचं पोरांनी. राज्यात 2008 पासून नियमच आहे, गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिलं की दुकान बंद. पण बाई स्वतः प्यायली तर तिच्या शरीराचं काय होतं, हे कुणी बोलत नाही. फार तर 'चालचलन' काढतात.

बाई पिते हे शहरी थेर, असं पुष्कळांना वाटतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शहरी बायकांत दारू घेणाऱ्या 0.6 टक्के निघाल्या, ग्रामीण भागात 1.6 टक्के. आकडे लहान आहेत, पण रोख बघा. आमच्याकडे चैत्रात पहाटे मोहाची फुलं वेचणारी बाईच असते. सणासुदीला, लग्नकार्यात पाड्यावर बायकाही घोटभर घेतात. दिवसभर मजुरी करून अंग ठणकतं म्हणूनही घेतात. त्यात मला पाप दिसत नाही. पण धोका आहे, आणि तो त्यांना माहीत असायला हवा.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच दारूला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. 2007 मध्ये स्तनाच्या कॅन्सरशीही तिचा संबंध पक्का मानला. पोटात गेलेल्या अल्कोहोलपासून अॅसिटाल्डिहाइड बनतं, ते पेशींना इजा करतं. शिवाय इस्ट्रोजेनही वाढतं. रोज 10 ग्रॅम अल्कोहोल घेतलं तर धोका साधारण 7 ते 10 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे न पिणाऱ्या ठरावीक बायकांमध्ये 100 जणींना हा आजार होत असेल, तर तेवढ्याच पिणाऱ्यांमध्ये 107 ते 110 जणींना. आणि 10 ग्रॅम म्हणजे जेमतेम 100 मिलिलिटर वाइन! जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असं सांगणारे भेटले होते. शरीराला तो फरक कळत नाही.

आता एक उलटी बाजूही सांगते, नाहीतर घोळ होईल. हा आजार झालेल्या आपल्याकडच्या बहुतेक बायकांनी दारूला कधी स्पर्शही केलेला नसतो. तेव्हा आजारी बाईकडे 'हिने काय केलं असेल' अशा नजरेने बघू नका. त्या नजरेच्या भीतीनेच गाठ पदराखाली लपवली जाते.

बाटलीवर 'आरोग्यास अपायकारक' एवढंच छापतात. तिथे कॅन्सर हा शब्द यायला हवा. पण मोहाच्या दारूला लेबल कुठलं? तिथे आशाताईनेच सांगायला हवं. तिशीपुढच्या बायकांची स्तनतपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. टाटा रुग्णालयाच्या मुंबईतल्या वीस वर्षांच्या अभ्यासात प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं, तर पन्नाशीपुढच्या बायकांतले या आजाराचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले. ना मोठं मशीन, ना मुंबईची फेरी.

सुनांनो, भाच्यांनो, पार्टीतला ग्लास घ्यायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण ठरवताना हे माहीत असू द्या, आणि घरी कामाला येणाऱ्या ताईंनाही सांगा. त्यांना हा ब्लॉग वाचता येणार नाही.