कुंडीतील निवडुंग आणि आपला पावसाळा

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा मृग नक्षत्र लागण्यास फार दिवस उरलेले नसतील. छत्र्यांची डागडुजी, गच्चीची गळती, दुकानापुढील ताडपत्री अशी कामे घरोघर चालू असतील. त्या यादीत आणखी एक काम जोडावे, एवढीच या महिन्याची विनंती आहे. गच्चीवर किंवा गॅलरीत निवडुंगाची कुंडी असेल तर ती पहिल्या सरीच्या आधी छपराखाली न्यावी. माझ्या पाहण्यात वैशाखातील उन्हाने गेलेले निवडुंग थोडे, आषाढ-श्रावणाच्या पाण्याने गेलेले पुष्कळ.

रोपासोबत मिळणाऱ्या चिठ्ठीवर आणि इंग्रजी पुस्तकांत बहुधा एकच सूत्र छापलेले असते: उन्हाळ्यात पाणी द्या, हिवाळ्यात कोरडे ठेवा. सल्ला खोटा नव्हे, पण तो दुसऱ्या हवेचा आहे. युरोपात थंडी कडक, उजेड अपुरा आणि दिवस तोकडा; तेथे निवडुंगाची कसोटी हिवाळ्यात लागते. आपल्याकडे ती पावसाळ्यात लागते. तिकडचे पंचांग इकडे जसेच्या तसे लावले, तर जुलैमध्ये आपण झाडाला 'उन्हाळा' समजून पाणी घालत राहतो आणि वरून आभाळही घालत असते.

पाण्याचे निवडुंगाशी असे वाकडे का, हे समजून घेतले की पुढची निगा सोपी होते. बहुतेक झाडे दिवसा आपली सूक्ष्म रंध्रे उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात. निवडुंग हे काम रात्री करतो. दिवसा दार उघडले तर आतले पाणी उडून जाईल, म्हणून तो रात्री गारव्यात वायू घेतो, आम्लाच्या रूपाने साठवतो आणि दिवसा दार लावून त्या साठ्यावर अन्न तयार करतो. या रीतीची एक जुनी नोंद आपल्या देशातील आहे. कंपनी सरकारच्या सेवेत दक्षिण भारतात असलेले वनस्पतिज्ञ बेंजामिन हेन यांनी आपल्या परसात सहज आढळणाऱ्या पानफुटीचे पान चाखून पाहिले. सकाळी ते आंबट लागे, दुपारनंतर ती आंबटी नाहीशी होई. त्यांचे हे पत्र 1815 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या कार्यवृत्तात छापले गेले. पानफुटी निवडुंगाच्या कुळातील नव्हे, पण दोघांचा व्यवहार सारखाच.

असा काटकसरी व्यवहार करणाऱ्याच्या मुळाशी सतत ओल ठेवली तर मुळे गुदमरतात, बुरशी शिरते आणि बूड कुजते. वरचा भाग मात्र पोटातील साठ्यावर कित्येक आठवडे हिरवागार दिसत राहतो. वाईट झालेले खाते ताळेबंदात बरेच दिवस चांगले दिसावे, तसाच हा प्रकार. म्हणून पावसाळ्यात दर आठ दिवसांनी बूड बोटाने, कोवळे काटे असतील तर काडीने, हलकेच दाबून पाहावे. ते कडक लागले म्हणजे ठीक.

आमच्या परिचयातील एका धान्य व्यापाऱ्यांच्या घरी कंबरेएवढा उंच, खांबासारखा निवडुंग होता. त्यांच्या मातोश्रींनी तो लावलेला. त्या गेल्यानंतर घरात त्याला 'आईंचा निवडुंग' असेच म्हणत. एका वर्षी मे महिन्यात सगळे कुटुंब गावी गेले आणि शेजारणीने मायेने रोज तांब्याभर पाणी घातले. कुंडीखाली ताटलीही होती. पाठोपाठ पाऊस आला. जुलैत थोरल्या सूनबाईंचा फोन आला, "काका, आईंचा निवडुंग बुडाशी मऊ लागतोय. हे रडतील हो. काढून टाकावा लागेल का?"

काढून टाकण्याची घाई कधीही करू नये. धारदार सुरी स्पिरिटने पुसून घेतली आणि मऊ भागाच्या वर आडवा छेद दिला. आत मध्यभागी तपकिरी कडे दिसले, म्हणजे कुज वर चढलेली होती. सुरी पुन्हा पुसून बोटभर वर कापले, तेथेही डाग. चौथ्या छेदाला स्वच्छ, फिकट हिरवा गर लागला. असा डाग अगदी पुसट राहिला तरी कुज पुन्हा सुरू होते, म्हणून येथे हळवेपणा उपयोगाचा नसतो. उरलेला तुकडा सावलीत, वारा लागेल असा, रिकाम्या टोपलीत तीन आठवडे उभा ठेवला. कापलेल्या जागी कोरडी खपली धरल्यावर तो कोरड्या भरड वाळूवर टेकवला आणि काठीचा आधार दिला. मुळे फुटेपर्यंत पाणी नाही. दिवाळीच्या सुमारास त्याला नवी कड आली. आज तो त्यांच्या गच्चीवर आहे; उंची मात्र अजून भरून निघालेली नाही. शेजारीणबाईंना त्या घरात कोणी एका शब्दाने बोलले नाही, हेही येथे नोंदवतो.

पावसाळ्यात छपराखाली म्हणजे घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नव्हे. पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लॅस्टिकखाली, चारही बाजूंनी वारा खेळेल अशी जागा उत्तम. कुंड्या एकमेकींना चिकटवू नयेत, ताटल्या काढून टाकाव्यात, कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात. पाणी महिन्यातून एकदा, तेही सलग उघडीप असेल तेव्हाच. दमट हवेत कापसासारखी पांढरी कीड लागते. आपल्यापैकी अनेकांचे हात फवारणीला धजत नाहीत. त्यामुळे आपल्या घरी तर कोरडेपणा आणि मोकळी हवा हाच खरा बंदोबस्त. नवीन आणलेले रोप पंधरा दिवस वेगळे ठेवण्याची शिस्तही लावून घ्यावी.

बँकेच्या नोकरीत बदल्या चुकत नाहीत आणि माझ्या सामानात पाच-सहा कुंड्या नेहमी असत. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, सोलापूरला त्याच्या चौथाईइतका. रत्नागिरीत चार महिने पाणी पूर्ण बंद ठेवूनही माती ओलसर वाटे; सोलापुरात श्रावणातही पंधरवड्याने पाणी द्यावे लागे. तेव्हा कोणाचेही वेळापत्रक, माझेसुद्धा, आपल्या गावच्या हवेवर ताडून घ्यावे. मातीत दोन पेरे बोट घालून पाहावे. गारवा लागला तर पाण्याचा तांब्या परत न्यावा.

पितृपक्ष सरला, ढग पांगले की झाडे बाहेर आणावीत, पण एकदम नाही. चार महिने सावलीत राहिलेली त्वचा ऑक्टोबरच्या उन्हाने भाजते आणि तो पांढुरका डाग जन्मभर राहतो. पहिला आठवडा सकाळचे तासभर ऊन, मग हळूहळू वाढ. दिवाळीपर्यंत आठ-दहा दिवसांनी पाणी चालते. या काळात झाड चांगले वाढते.

मार्गशीर्ष-पौषात त्याला विश्रांती द्यावी. पुण्या-नाशिकची थंडी बहुतेक निवडुंगांना सहज सोसते, फक्त माती कोरडी हवी. तीन आठवड्यांनी थोडे पाणी पुरे, खत मुळीच नको. छोट्या गोल जातींना वसंतात कळ्या याव्यात असे वाटत असेल, तर ही थंड, कोरडी विश्रांती त्यांच्या वाट्याला येऊ द्यावी.

माघ महिना कुंडी बदलण्याचा. वर्तमानपत्राची जाड घडी करून ती झाडाभोवती पट्ट्यासारखी गुंडाळावी व दोन्ही टोके धरून झाड उचलावे. नवी कुंडी मातीची आणि जुनीपेक्षा बोट-दीड बोटच मोठी असावी. एक भाग बागेची माती, एक भाग चांगले कुजलेले पानखत, दोन भाग धुतलेली भरड वाळू आणि तळाशी विटांचे तुकडे. समुद्राची वाळू खारट असते, ती वापरू नये. बदलताना दुखावलेली मुळे सुकावीत म्हणून आठवडाभर पाणी देऊ नये.

चैत्र-वैशाखाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सकाळचे ऊन द्यावे, अकरानंतर शेडनेट घालावे, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीपासून दूर ठेवावे. माती पूर्ण सुकल्यावर सायंकाळी पाणी द्यावे.

दोन अपवाद सांगितले पाहिजेत. वाढदिवसाला भेट मिळतो तो हिरव्या दांड्यावरील लाल किंवा पिवळा चेंडू. त्या चेंडूत हरितद्रव्य नसते; तो खालच्या दुसऱ्या निवडुंगावर केलेल्या कलमाच्या जिवावर जगतो, म्हणजे जामीनदाराच्या पैशावर चाललेले खातेच. त्याला कडक ऊन देऊ नये आणि तो फार वर्षे टिकेल ही अपेक्षाही ठेवू नये. मुलांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे. (घरात काटेरी झाड नको म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, गॅलरी असतेच.)

दुसरा अपवाद आपण निवडुंग म्हणून ओळखतच नाही. महाराष्ट्रात घरोघर ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात, ते हिमालयातील ब्रह्मकमळ नव्हे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांत वृक्षांच्या फांद्यांवर वाढणारा हा निवडुंगच आहे. तो वाळवंटातला नसल्यामुळे त्याला विरळ सावली, पानखताची भुसभुशीत माती आणि बेताची ओल आवडते. पाणी मात्र त्याच्याही कुंडीत साचू देऊ नये. त्याच्या कळ्या आपल्याकडे पावसाळ्यात दिसू लागतात. कळी प्रथम खाली लोंबते, मग तिची मान वर वळते. ती टपोरी फुगलेली दिसली त्या सायंकाळी कुंडी हलवू नये आणि नातवंडांना लवकर झोपवू नये. रात्री नऊच्या सुमारास ती उमलू लागते, मध्यरात्रीपर्यंत पूर्ण उघडते आणि सकाळी दुकान उघडण्याच्या वेळेला मिटून गेलेली असते.