नटाचा मृत्यू, पात्राचा बळी

श्रद्धांजली आणि समीक्षा हे दोन वेगळे वाग्व्यवहार आहेत. त्यांची गल्लत झाली की गप्प बसण्याची पाळी नेहमी समीक्षेवरच येते. रायन कूगलर या दिग्दर्शकाच्या 'ब्लॅक पँथर : वकांडा फॉरेव्हर' (२०२२) या चित्रपटाच्या स्वागतात नेमके हेच घडले. मूळ चित्रपटाचा (२०१८) नायक-नट चॅडविक बोझमन २८ ऑगस्ट २०२० रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आतड्याच्या कर्करोगाने गेला. २०१६ साली निदान झालेले हे दुखणे त्याने जगापासून लपवले होते आणि ते अंगावर वागवतच वकांडाच्या राजाची, टचालाची, भूमिका केली होती. अशा मृत्यूपुढे कोणीही क्षणभर स्तब्ध व्हावे हे स्वाभाविकच. परंतु स्तब्धता हा मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही. 'हा उत्तरभाग मनापासून शोक करतो' एवढे म्हटले की त्याचे मोठेपण सिद्ध झाले, हा जो समज परीक्षणांतून रूढ झाला, तो तपासून पाहणे आवश्यक आहे. अतिमानवी नायकांच्या चित्रपटाची एवढी दखल कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की येथे प्रश्न चित्रपटाच्या दर्जाचा कमी आणि नट, पात्र व संहिता यांच्या परस्परसंबंधाचा अधिक आहे. तो प्रश्न नाट्यविचाराइतकाच जुना आहे.

बोझमनच्या जागी दुसरा नट घेतला जाणार नाही, हे निर्मितिसंस्थेने डिसेंबर २०२० मध्येच जाहीर केले. वास्तविक कूगलरने बोझमनच्या हयातीत उत्तरभागाची संहिता लिहिली होती आणि तीत टचाला जिवंत होता. वैश्विक संहाराने हिरावून नेलेली पाच वर्षे आणि त्या अवधीत बापावाचून वाढलेला मुलगा अशी ती कहाणी होती, हे त्याने स्वतःच नंतर सांगितले आहे. म्हणजे पात्राला पुढचे आयुष्य होते. ते कागदावर उतरलेलेही होते. नट गेला आणि त्याच्यामागून पात्रालाही चितेवर चढवण्यात आले. या कृतीला 'आदर' असे नाव मिळाले. जुन्या परिभाषेत सांगायचे तर अनुकर्ता मेला म्हणून अनुकार्याचाही अंत झाला असे ठरवण्यात आले. शंकुकाच्या चित्रतुरगन्यायाचा आधार घेतला तर चित्रातला घोडा खरा घोडा नव्हे, पण म्हणून तो नुसता रंगही नव्हे. येथे मात्र चित्रकार गेला म्हणून घोड्यालाच मूठमाती देण्यात आली.

अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील एक विघ्न म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने व्यापलेला असणे. आपल्याच शोकात बुडालेल्या माणसाला नाट्यातला शोक भेटत नाही. तो रंगमंचाकडे पाहत असतो आणि स्वतःचेच दुःख आठवत असतो. दुसरे एक विघ्न व्यक्ती, स्थळ आणि काळ यांच्या विशिष्टतेत प्रेक्षक अडकण्याचे. त्यावरचा त्याने सांगितलेला उपाय प्रस्तुत संदर्भात फारच बोलका आहे. मुकुट, शिरोभूषण आदींनी नटाचे नटपण झाकायचे, म्हणजे 'हा अमुक माणूस' ही जाणीव मावळते आणि भावाचे साधारणीकरण होऊ शकते. काळ्या चित्त्याचा मुखवटा हे असे जणू आयतेच शिरोभूषण. १९६६ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी हे पात्र निर्माण केले तेव्हापासून तो मुखवटा पात्राचा आहे, कोणा एका चेहऱ्याचा नाही. कूगलरच्या चित्रपटात तोच मुखवटा शवपेटीवर कोरलेला दिसतो आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टचाला नव्हे तर बोझमन उभा राहतो. ज्या साधनाने नट झाकायचा त्याच साधनाने तो उघडा केला आहे.

हा केवळ एका दृश्यापुरता दोष असता तर त्याचा बाऊ करण्याचे कारण नव्हते. चित्रपटाची सगळी उभारणीच या उसन्या शोकावर आहे. प्रारंभी पडदा काळा आहे. शुरीची, टचालाच्या धाकट्या बहिणीची, प्रार्थना ऐकू येते. प्रयोगशाळेत ती भावाला वाचवू शकणारी वनस्पती कृत्रिमरीत्या घडवण्याची धडपड करते. आणि राणी रमोंडा येऊन सांगते की सारे संपले. टचालाला झाले काय होते? चित्रपट सांगत नाही. वास्तविक त्याच्या मृत्यूला कथेतलेच कारण उपलब्ध होते. पहिल्या चित्रपटात किलमाँगरने ती दिव्य वनस्पती जाळून टाकली होती; त्या सूडाची किंमत राजाने प्राणांनी मोजली, ही संगती ठसवून मांडता आली असती आणि मृत्यू कथानकाच्या आतून आला असता. चित्रपट तिला ओझरता स्पर्श करतो आणि पुढे सरकतो. दुखण्याला नाव दिले जात नाही, कारण ते नाव प्रेक्षक घरून घेऊन आला आहे. पाठोपाठ निर्मितिसंस्थेचे बोधचिन्ह येते. एरवी त्याच्याबरोबर वाजणारे संगीत नाही. अक्षरांच्या आत फक्त बोझमनच्या प्रतिमा. चित्रपटगृहात जी शांतता पसरते ती खरीच असते. पण ती संहितेने निर्माण केलेली नसते, वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेने केलेली असते.

मर्ढेकरांनी वाङ्मयीन महात्मतेचा विचार करताना लेखनपूर्व आणि लेखनगर्भ आत्मनिष्ठा असा जो भेद केला, तो मराठी समीक्षेने पुष्कळ उगाळला, तरी गरजेच्या वेळी ती तो हटकून विसरते. कूगलरचा शोक लेखनपूर्व अर्थाने खरा आहे याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्याने मित्र गमावला होता. प्रश्न लेखनगर्भ शोकाचा आहे. शोक पटकथेत शिरून तिची रचना बदलतो का, की पटकथेच्या दारात फूल वाहून बाहेरच थांबतो?

या प्रश्नाचे उत्तर चित्रपटातल्या एकाच प्रसंगात मिळते, आणि तो प्रसंग चित्रपटातला सर्वांत चांगलाही आहे. वर्ष लोटले आहे. रमोंडा शुरीला नदीकाठी घेऊन जाते. सुतकाची पांढरी वस्त्रे जाळायची आणि शोकपर्वाची सांगता करायची असा तिथला विधी. आई म्हणते, मला वाऱ्याच्या झुळकीत त्याची जाणीव झाली. विज्ञाननिष्ठ मुलीला तो मनाचा खेळ वाटतो. भावाचा विचार करीत बसले तर सारे जगच जाळून टाकावेसे वाटेल, अशा अर्थाचे ती बोलते. दोन प्रकारचे शोक येथे समोरासमोर उभे आहेत: विधीत विसावणारा आणि विधीला नाकारणारा. आईच्या ओठांवर आणखी काही आले आहे. नेमक्या त्याच क्षणी पाण्यातून नेमोर वर येतो आणि कथानक सुरू होते. शोकाचा विधी कथानकाने अक्षरशः मोडला. यापुढे सागरतळीचे राज्य, अमेरिकेतली हुशार विद्यार्थिनी आणि तिचे यंत्र, गुप्तहेर अधिकाऱ्यांची आपसातली उखाळीपाखाळी असा पसारा मांडला जातो. १६१ मिनिटांतला बराच भाग येणाऱ्या मालिकांच्या आणि चित्रपटांच्या मशागतीत खर्ची पडतो. शुरीच्या वाट्याला शोकासाठी सवडच उरत नाही, तिचा शोक सूडाच्या रूपाने कथानकाला इंधन पुरवतो तेवढाच.

उलट, चित्रपटात शोक जेथे खरोखर रसरूप होतो ती स्थळे पाहावीत. नेमोरची पूर्वकथा सोळाव्या शतकातल्या युकातानची आहे. आईची अखेरची इच्छा म्हणून तो तिचा देह तिच्या मायभूमीत पुरायला जातो आणि तेथे स्पॅनिशांच्या मळ्यावर आपल्या माया लोकांना गुलामीत राबताना पाहतो. दफन आणि संहार एकाच रात्री होतात. दुसरे स्थळ रमोंडाच्या मृत्यूचे. सिंहासनकक्षात पाणी शिरते, ती त्या विद्यार्थिनीला वाचवते आणि स्वतः बुडते. अँजेला बॅसेट हयात आहे हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असते; तरी गळा दाटतो. येथे प्रेक्षकाने बाहेरून काहीही आणलेले नसते. जे आहे ते विभाव-अनुभावांनी, पडद्यावर, डोळ्यांदेखत घडवलेले आहे. बोझमनच्या नावाने चित्रपटाची पाठराखण करणाऱ्यांविरुद्ध सर्वांत सबळ पुरावा खुद्द चित्रपटानेच दिला आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. टचाला हा कृष्णवर्णीय प्रेक्षकांना दीर्घ प्रतीक्षेनंतर लाभलेला राजा. बोझमनने त्याला देह दिला. त्या समाजाच्या सामूहिक शोकाला पडद्यावर जागा मिळणे हेच मूल्य आहे, त्याला काश्मिरी आचार्यांच्या मोजपट्ट्या कशाला लावायच्या? आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करावाच लागेल. पण त्यातून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. बॅटमॅनची भूमिका कीटन, किल्मर, क्लूनी, बेल, अफ्लेक, पॅटिन्सन अशा एकापाठोपाठ एक नटांनी केली आणि दर वेळी पात्र अधिक समृद्ध झाले. गौरवर्णीय नायकाला नटापेक्षा दीर्घायुषी असण्याचा हक्क निर्विवाद आहे. कृष्णवर्णीय नायकाला मात्र तो 'आदरापोटी' नाकारला जातो! लीनंतर क्रिस्टोफर प्रीस्ट, रेजिनाल्ड हडलिन, टा-नेहीसी कोट्स अशा लेखकांनी पाच दशके ज्याला आकार दिला ते पात्र चार चित्रपटांतल्या एका नटाची खाजगी मालमत्ता कसे ठरते? शुरीने मुखवटा चढवला यात वावगे काही नाही. चित्रकथांत तिने तो २००९ सालीच चढवला होता. परंतु त्यासाठी भावाला कायमचे संपवावे लागले नव्हते.

मराठी वाचकाला हे समजायला दूर जाण्याची गरज नाही. १९७० साली 'नटसम्राट'मध्ये अप्पा बेलवलकर श्रीराम लागूंनी उभे केले. ती भूमिका त्यांच्याशी एकजीव झाली असे सर्वांनाच वाटत होते. पुढे दत्ता भट आणि सतीश दुभाषी यांनीही बेलवलकर केले. लागूंचा त्यात अवमान झाला असे कोणी म्हटले नाही. एका नटाने भूमिकेत काय ओतले ते दुसरा नट तीत उभा राहिल्यावरच पुरते कळते. आधीच्याच्या कर्तृत्वाची मोजणी तोच करून देतो. बोझमनला ही मोजणी नाकारली गेली. त्याची मूर्ती झाली, आणि मूर्तीच्या अभिनयाची समीक्षा कोणी करीत नाही.

बरे, निर्मितिसंस्थेचे हे सोवळे तत्त्वाचे तरी आहे का? याच चित्रपटमालेत सेनापती रॉसची भूमिका करणारा विल्यम हर्ट मार्च २०२२ मध्ये वारला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, म्हणजे 'वकांडा फॉरेव्हर' प्रदर्शित होण्याच्या सुमारे महिनाभर आधी, त्याच्या जागी हॅरिसन फोर्ड येणार असल्याची बातमी आली, आणि २०२५ साली तो त्या भूमिकेत दिसलाही. त्या वेळी दिवंगत नटाच्या स्मृतीचा प्रश्न कोणाला पडला नाही. रॉस दुय्यम पात्र होते, असे उत्तर मिळेल. मिळू द्यावे. त्याचा अर्थ एवढाच की मृताविषयीचा आदर हा निकष नव्हता; त्या मृत्यूला प्रेक्षकांच्या मनात किती मोल आहे हा होता. पहिल्या चित्रपटाने जगभरात एकशे तीस कोटी डॉलरहून अधिक मिळवले होते. एवढ्या प्रेक्षकसमुदायाच्या शोकाला किंमत असते.

आणि मग शेवट. शुरी हैतीच्या किनाऱ्यावर एकटी बसते, राहून गेलेला विधी पुरा करते, वस्त्राला अग्नी देते. पडद्यावर बोझमनची जुनी दृश्ये आवाजाविना सरकतात. चित्रपट येथे संपला असता तर निदान त्याच्या निर्णयाशी तरी तो प्रामाणिक राहिला असता: टचाला गेला, परत येणार नाही. पण श्रेयनामावली थोडी सरकते आणि नाकिया एका लहान मुलाला घेऊन शुरीजवळ येते. हैतीत त्याला तूसाँ म्हणतात. त्याचे वकांडातले नाव विचारले जाते, आणि तो सांगतो: टचाला, राजा टचालाचा पुत्र. जुन्या संहितेत बाप आणि मुलगा दोघे होते. आता मुलगा तेवढा राखून ठेवला आहे आणि बापाचे नाव त्याच्यावर जमा केले आहे. नदीकाठी रमोंडाच्या ओठांवर आलेले, नेमोरने अडवलेले ते हेच. ज्या नावाचा दुसरा धनी होऊ शकत नाही असे दोन वर्षे सांगितले गेले, त्याचा दुसरा धनी तयार आहे. कधीतरी कोणी तरुण नट ती भूमिका करील आणि त्याला नटबदल म्हणण्याची वेळ कोणावरही येणार नाही.