चिप देशी, प्रात्यक्षिक १९७६चे

सप्टेंबर २०२५मध्ये मोहालीत घडवलेल्या ‘विक्रम ३२०१’ या देशी प्रोसेसरचे कौतुक झाले. ते रास्तच होते. मात्र अनेक तंत्रनिकेतनांतील विद्यार्थी आजही १९७६च्या ८०८५ चिपच्या संचावर वहीतला कोड जसाच्या तसा भरतो आणि जर्नलवर सही मिळवतो. दोष जुन्या चिपचा नाही; मूलतत्त्वे तिच्यावरही उत्तम शिकता येतात. दोष आहे उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रयोगाचा. आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ प्रोसेसरचा आराखडा सर्वांना खुला आहे. तो एफपीजीएवर उतरवावा, मुद्दाम बिघडवावा आणि बिघाड शोधायला लावावा. सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी मंजूर करणाऱ्या देशात ऑसिलोस्कोप कपाटात कुलूपबंद राहत असेल, तर उद्याच्या कारखान्यांतील बिघाड शोधणार कोण?