डाव्या पायाला काम हवं

सध्या आमच्याकडे, म्हणजे अंबरनाथ पूर्वेला, ज्याला बघावं तो गाडी बुक करून बसलाय. कानसई काय, आनंदनगर काय, जिकडेतिकडे टॉवर उभे राहिलेत. फ्लॅटबरोबर पार्किंग मिळालंच आहे, तर त्यात काहीतरी उभं करायला नको का? मग ऑफिसमध्ये, लोकलच्या दारात, सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न. मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक? लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, क्लचशिवाय ड्रायव्हिंग म्हणजे अळणी भाजी. दुसरा म्हणतो, काटई नाक्यावर तासभर हाफ क्लचवर काढ, मग बोल.

मला दुसऱ्याचं पटतं. अंबरनाथहून महापे-ऐरोलीला गाडीने जायचं म्हणजे बदलापूर रस्त्याने काटई नाका आणि तिथून शीळफाटा. ट्रॅफिक असला की डाव्या पोटरीत गोळा येतो. त्यामुळे ऑटोमॅटिक घेणाऱ्यांना नावं ठेवणारे 'खरे ड्रायव्हर' मला जरा ढोंगीच वाटतात. (घरी वॉशिंग मशीन मात्र फुल्ली ऑटोमॅटिक!)

पण माझं म्हणणं वेगळं आहे. विकत काय घ्यायचं ते घ्या, शिका मात्र मॅन्युअलवर.

आपला कायदा याबाबतीत फारच उदार आहे. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर टेस्ट दिली तर लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं. आपल्याकडे दुचाकीला 'विथ गियर' आणि 'विदाउट गियर' असा भेद आहे, पण कारला नाही. एलएमव्ही म्हणजे एलएमव्ही. म्हणजे स्कूटरवाल्याला बुलेट चालवायची तर वेगळी परवानगी लागते, आणि ऑटोमॅटिकवर लायसन्स काढलेला गडी मित्राची मॅन्युअल गाडी घेऊन खुशाल घाटात जाऊ शकतो. आहे की नाही गंमत?

क्लच एकच गोष्ट शिकवतो. इंजिन आणि चाकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना जोडणं-सोडणं आपल्या हातात (म्हणजे पायात) आहे. हे वाचून कळत नाही. उड्डाणपुलाच्या चढावर, मागे रिक्षा चिकटलेली असताना, गाडी मागे न घसरता पुढे निघते तेव्हा कळतं. आणि एकदा कळलं की ऑटोमॅटिकही नीट चालवता येते.

एएमटीचंच घ्या. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओमध्ये ती आणली आणि ऑटोमॅटिक आपल्यासारख्यांच्या बजेटमध्ये आली. पण एएमटीच्या आत असतो नेहमीचाच मॅनुअल गियरबॉक्स आणि नेहमीचाच क्लच. फक्त क्लच दाबायला आणि गियर बदलायला तुमच्याऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारा एक यांत्रिक हात बसवलाय. आपल्या भाषेत सांगायचं तर जुन्याच कोडवर नवा रॅपर :-) ज्याला क्लच माहीत आहे तो चढावर नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरत नाही, ब्रेक लावतो, कारण आत क्लच घासतोय हे त्याला दिसतं. बाकीच्यांना जळका वास आल्यावर कळतं.

घाटाचंही तेच. बदलापूर, बारवी धरण, मुरबाड करत माळशेज हा आमच्या भागातला पावसाळ्याचा ठरलेला कार्यक्रम. ज्या गियरमध्ये घाट चढलात त्याच गियरमध्ये उतरा, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते उगीच नाही. इंजिनच गाडीला मागून ओढून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. ही सोय ऑटोमॅटिकमध्येही असते. एएमटीच्या लिव्हरशेजारी अधिक-उणेची खूण असते, काही गाड्यांत 'एल' असतं. पण 'डी' सोडून बाकीची अक्षरं शोभेला आहेत असं समजणारे कितीतरी लोक मला माहीत आहेत. त्याहून थोर म्हणजे उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे. अरे बाबांनो, आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गियरमध्ये असताना उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे ब्रेकही तापवायचे आणि पेट्रोलही जाळायचं!

मागच्या पिढीला असं अडाणी राहायची सोयच नव्हती. प्रीमियर पद्मिनीत स्टिअरिंगच्या दांड्यावर गियर आणि सकाळी थंड इंजिन चालू करायला चोकची मूठ. (याच प्रीमियरचा एक कारखाना आमच्या रोजच्या वाटेवर, डोंबिवलीत होता. तिथे नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ बनायची.) ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली तेव्हा सगळे हळवे झाले. मी नाही झालो. ती गाडी आरामाची नव्हतीच. पण तिच्या ड्रायव्हरला बॉनेटखाली काय चाललंय ते ठाऊक असायचं, एवढं खरं.

आता गाडीत लपलेल्या गोष्टी. पेट्रोलच्या काट्याशेजारी पंपाचं चित्र असतं आणि त्याला लागून एक छोटा त्रिकोणी बाण. टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते तो बाण सांगतो. फोर्डमधल्या जिम मॉयलन या माणसाने तो १९८६ मध्ये सुचवला. कंपनीची गाडी घेऊन भर पावसात पंपावर गेला, गाडी उलट्या बाजूने लागली, भिजला आणि परत येऊन प्रस्ताव लिहून काढला. १९८९ च्या मॉडेलपासून बाण गाड्यांत आला. इतका स्वस्त आणि इतका उपयोगी बग-फिक्स मी दुसरा पाहिलेला नाही.

बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत लिव्हरशेजारी एक इवलंसं झाकण असतं. बॅटरी मेली की लिव्हर 'पी'मध्ये अडकतो आणि गाडी ढकलताही येत नाही. ते झाकण काढून आत चावीचं टोक दाबलं की लिव्हर सुटतो. मॅन्युअलला ही भानगडच नाही. बॅटरी उतरली तर इग्निशन चालू करा, दुसरा गियर टाका, क्लच दाबून ठेवा, चार मित्रांना ढकलायला लावा आणि वेग आला की क्लच सोडा. ऑटोमॅटिकमध्ये हे होत नाही.

पण पाण्यात बंद पडलेल्या गाडीला असा धक्का कधीही मारू नका, आणि स्टार्टरही नको. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

पाण्याचं एवढं सांगतोय कारण आपण राहतो कुठे ते बघा. वालधुनी शिवमंदिराला खेटून वाहते, पलीकडे बदलापूरला उल्हास. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा मी शाळेत होतो. त्या दिवशी मुंबईत काही माणसं पाण्यात अडकलेल्या, काचा बंद असलेल्या स्वतःच्या गाडीत गुदमरून गेली. गाडी चालवता येत होती त्यांना. त्यातून बाहेर कसं पडायचं हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि ते आजही कोणी शिकवत नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आठचा आकडा आणि रिव्हर्स घोटून घेतात. पाणी चढायला लागलं की आधी काच खाली करायची, कारण वीज थोडा वेळच साथ देते, हे मात्र कुठल्या टेस्टमध्ये विचारतात?

दर पावसाळ्यात एक फॉरवर्ड येतो की हेडरेस्ट काच फोडता यावी म्हणून काढता येतो. तसं नाहीये. उंची कमी-जास्त करायला आणि सीट झोपवायला म्हणून तो निघतो. घाबरलेल्या माणसाला त्याने काच फोडता येईलच याची खात्री नाही. त्यापेक्षा टोकदार हातोडी हाताशी ठेवा आणि बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारा. पुढच्या काचेच्या नादाला लागू नका. तिच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो, ती तडकते पण सुटत नाही.

मॅन्युअल या शब्दाचा दुसरा अर्थ पुस्तिका असाही होतो. ती ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून असते. दहा-पंधरा लाखांच्या वस्तूबरोबर आलेलं पुस्तक न वाचणारे आपण मिक्सरचं वाचतो! निदान एक तरी करा. पाऊस सुरू व्हायच्या आत एखाद्या रविवारी पार्किंगमध्ये जा, रिमोटच्या पोटातली खरी चावी बाहेर काढा आणि तिने दार उघडून बघा. कुलुपाचं भोक सापडलं नाही तर दाराच्या हँडलच्या टोकाला छोटं झाकण आहे का ते पाहा. बऱ्याचदा त्याच्याखाली असतं.