वेताळासारखं विचारा

आमच्या बालवाडीत शुक्रवारी गोष्टीचा तास असतो. गोष्ट संपली की मागून एखादं पोर ओरडतं, "बाई, तात्पर्य!" आणि सगळा वर्ग पाढे म्हणावेत तसा एका सुरात म्हणतो, "नेहमी खरे बोलावे." मागे एकदा गोष्ट दोन मैत्रिणींच्या भांडणाची होती. त्यात खोटं कुणीच बोललं नव्हतं.

त्या दिवशी मला हसू आलं नाही, काळजी वाटली. चार-पाच वर्षांच्या मुलांना कळून चुकलंय की गोष्टीच्या शेवटी मोठ्यांना एक वाक्य हवं असतं आणि ते दिलं की सुटका होते. गोष्टीत काय घडलं, याचा त्या वाक्याशी संबंध असायलाच हवा असं त्यांना वाटत नाही.

पुढच्या पालकसभेत एका आईने विचारलं, "बाई, बोध देणारी कार्टून कुठली ते सांगा ना. नुसती मारामारी नको, काहीतरी संस्कार होतील असं हवं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. प्रश्न मनापासूनचा होता. दोन वाक्यांत उत्तर देणं मला जमलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. संध्याकाळी कुकर लावायचा असतो, कामावरून येऊन जेमतेम पाय धुतलेले असतात, मूल पायात घुटमळत असतं, आणि घरात दुसरं कुणी नसतं. तेव्हा कार्टून लावून दिलं जातं. त्याचा दोष मी कुणाला देणार नाही.

कार्टूनमध्ये बोध असावा का? असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण शेवटच्या अर्ध्या मिनिटात सांगितलेला बोध मुलांपर्यंत पोचत नाही. गोष्टीत नीट पेरलेला बोधसुद्धा, घरातलं कुणी त्यावर बोललं नाही, तर अर्धामुर्धाच पोचतो.

आज तिशी-चाळिशीत असलेल्या आईबाबांनी स्वतःचं लहानपण आठवून पाहावं. 1997 पासून 2005 पर्यंत दूरदर्शनवर 'शक्तिमान' लागायचं. ते कार्टून नव्हतं, पण मुलं ते कार्टूनइतक्याच ओढीने बघायची. भाग संपल्यावर शक्तिमान स्वतः येऊन चांगल्या सवयी सांगायचा आणि चुकलेलं मूल त्याची माफी मागायचं. त्या सवयींपैकी किती आठवतात? बहुतेकांना त्याची गरगर फिरण्याची तऱ्हा आठवते, त्याच्याच दुसऱ्या रूपाचा, गंगाधरचा, चष्मा आणि पुढे आलेले दात आठवतात. त्याउलट 'एक अनेक और एकता' हा फिल्म्स डिव्हिजनचा 1974 चा छोटा चित्रपट बघा. तो विजया मुळे यांनी केला. मुंबईत जन्मलेल्या या बाईंनी आयुष्यभर मुलांच्या शिक्षणासाठी चित्रपटाचं माध्यम वापरलं. जाळ्यात अडकलेले पक्षी एकजुटीने जाळं घेऊन उडतात, ही आपल्याकडची फार जुनी गोष्ट त्यात आहे. बोध तर नावातच आहे, लपवलेला मुळीच नाही. तरी पन्नास वर्षं तो लोकांच्या तोंडी राहिला. गाणं गोड आहे हे खरंच, पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. लहान भाऊ ताईला आधी प्रश्न विचारतो आणि त्याला उत्तर हवं असतं, म्हणून ताई गोष्ट सांगते.

आता एका कुत्र्याची हकिकत सांगते. 2008 साली मारी-लुईस मेअर्स आणि एमिली अकोस्टा या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांना 'क्लिफर्ड' नावाच्या लाल कुत्र्याच्या कार्टूनचा एक भाग दाखवला. त्यात गावात तीन पायांचा एक कुत्रा येतो. बाकीचे कुत्रे आधी बिचकतात, त्याला टाळतात, आणि शेवटी त्याच्याशी मैत्री करतात. आपल्यापेक्षा वेगळ्या असलेल्यांना सामावून घ्यावं, हा बोध मोठ्या माणसाला तेव्हाच कळतो. मुलांना काय शिकलात असं विचारलं, तर बऱ्याच जणांचं उत्तर कुत्र्यापाशीच थांबलं: तीन पायांच्या कुत्र्यांशी चांगलं वागावं.

मुलं मठ्ठ होती म्हणून असं झालं नाही. या वयात गोष्ट जशी दिसते तशीच मनात बसते. कुत्र्यावरून उडी मारून वर्गातल्या चाकाच्या खुर्चीतल्या मुलीपर्यंत यायचं, तर मध्ये कुणीतरी हात धरावा लागतो. शिवाय बोध देणाऱ्या बहुतेक कार्टूनची घडण कशी असते? दहा मिनिटं चिडवणं, कट करणं, एकीला खेळातून काढणं, आणि मग एक मिनिट माफी. आपण मोठे त्या शेवटच्या मिनिटाला गोष्ट समजतो. मुलाने मात्र दहा मिनिटं चिडवण्याच्या तऱ्हा बघितलेल्या असतात, आणि दुसऱ्या दिवशी घसरगुंडीपाशी त्याच तऱ्हा ऐकू येतात.

दुसरी हकिकत 'लांडगा आला रे आला'ची. आपल्याकडे ही गोष्ट न ऐकता कुणी मोठं झालं नसेल. 2014 मध्ये संशोधक कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांवर तिचा प्रयोग केला. मुलाला खोलीत एकटं बसवायचं, पाठीमागचं खेळणं बघायचं नाही असं सांगायचं, मग गोष्ट वाचून दाखवायची आणि विचारायचं, तू वळून बघितलंस का? लांडग्याची गोष्ट ऐकलेली मुलं इतर मुलांइतकंच खोटं बोलली. नाक लांब होणाऱ्या पिनोकिओच्या गोष्टीनेही काही फरक पडला नाही. फरक पडला तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीने. झाड आपणच तोडलं असं तो मुलगा कबूल करतो आणि खरं बोलला म्हणून बाप त्याला जवळ घेतो. ही गोष्ट ऐकलेली मुलं जास्त खरं बोलली.

मी वीस वर्षं लांडग्याचीच गोष्ट सांगत आले. खोटं बोललास तर लांडगा मेंढ्या खाईल, याने मूल घाबरतं आणि घाबरलेलं मूल लपवतं. खरं सांगून टाकल्यावर पुढे काय होतं, हे त्या गोष्टीत कुठेच नाही. म्हणून कार्टून निवडताना एवढं जरूर बघा: चुकलेल्या पात्राला परत यायला वाट ठेवली आहे का?

बोध गोष्टीच्या पोटात कसा घालावा, हे बघायचं तर 'मीना' बघा. 1990 च्या दशकात युनिसेफने दक्षिण आशियातल्या मुलींसाठी ही मालिका काढली. तिची चित्रं घडवण्यात मुंबईचे राम मोहन होते. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात हात बसलेला हा माणूस. मीना, तिचा भाऊ राजू आणि मिठू पोपट. एका भागात आंबा येतो आणि मोठा वाटा राजूला जातो, कारण तो मुलगा. जेवणाच्या ताटातही तेच. मग दोघं एक दिवस कामांची अदलाबदल करतात. मीनाची कामं करताना राजू दमतो, आणि रात्री मीनाचं छोटं ताट त्याच्या पुढ्यात येतं तेव्हा त्याला भूक लागलेली असते. समानतेवरचं भाषण तोवर ऐकावंच लागत नाही. राजूच्या पोटात कावळे ओरडत असतात आणि बघणाऱ्या पोरालाही ते ऐकू येतात. मी हा भाग वर्गात दाखवला, तेव्हा दुसऱ्या दिवशी डबा खाताना एका मुलाने आपल्या पोळ्या आणि शेजारच्या वर्गातल्या बहिणीच्या पोळ्या जाऊन मोजल्या. तेवढ्याने त्यांच्या घरात काय बदललं, मला ठाऊक नाही. पण मोजाव्यात असं त्याला सुचलं.

आणि जिथे कुणी बोध ठेवलेलाच नसतो, तिथेही मूल शिकतच असतं. 'छोटा भीम' 2008 पासून घराघरात आहे. भीम धाडसी आहे, मित्रांसाठी धावतो, लाडू खाऊन त्याला बळ येतं. मुलांना तो आवडतो आणि मलाही त्याचं वावडं नाही. पण त्यातल्या दांडगट, आडदांड मुलाचं नाव कालिया आहे आणि तो जवळजवळ दर वेळी तोंडावर पडतो. आमच्या वर्गात एक अंगाने भरलेला, सावळा मुलगा होता. एका आठवड्यात तो सगळ्यांचा कालिया झाला. हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या मुलाने चारचौघांत डबा उघडणं बंद केलं, म्हणून माझ्या लक्षात आलं. 'मोटू पतलू'मधला मोटू चहावाल्याचे समोसे पैसे न देता पळवतो आणि आपण सगळे हसतो. हसावंही. पण एकदा तरी पोराला विचारावं की चहावाल्याने ते समोसे पहाटे उठून तळले असतील ना?

असं विचारणं, हेच माझं सगळं मागणं आहे. आपल्याकडे दोन प्रकारच्या गोष्टी सांगितल्या जातात. एक इसापनीतीची, शेवटी तात्पर्य छापलेली. दुसरी वेताळाची. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो: या तिघांत खरा उदार कोण? दोष कुणाचा? तात्पर्य तो सांगत नाही. राजाला विचार करावाच लागतो. मुलांशी कार्टूनबद्दल बोलायचं तर वेताळ व्हा.

याने खरंच फरक पडतो. 'डॅनियल टायगर्स नेबरहूड' हे भावना ओळखायला शिकवणारं अमेरिकेतलं कार्टून. टेक्सास टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन ते सहा वर्षांच्या मुलांना ते दोन आठवडे दाखवलं आणि निष्कर्ष 2016 मध्ये छापले. दुसऱ्याचं मन ओळखण्यात फायदा दिसला, पण तो ज्या घरांत आईबाप मुलांशी टीव्हीवर काय लागलंय याबद्दल एरवीही बोलत होते, त्या घरांतल्या मुलांना. कार्टून सगळ्यांनी तेच बघितलं होतं.

काय विचारायचं? "काय शिकलास?" हा प्रश्न टाळा. त्याला "नेहमी खरे बोलावे" हेच उत्तर येणार. त्यापेक्षा विचारा, कालिया पडला तेव्हा त्याला काय वाटलं असेल? तू भीमची मैत्रीण चुटकी असतीस तर काय केलं असतंस? आपल्या गल्लीत असं कुणाचं होतं का? हा शेवटचा प्रश्न मुलाला तीन पायांच्या कुत्र्यापासून माणसापर्यंत आणतो. उत्तर चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका. मूल म्हणालं, "कालियाला मारलं ते बरंच झालं," तर "का बरं?" एवढंच म्हणा आणि थांबा. थांबणं सगळ्यात अवघड आहे. मलाही ते अजून पुरतं जमत नाही.

आणि हे मराठीत विचारा. आपली बहुतेक मुलं कार्टून हिंदीत बघतात आणि खेळतानाही कार्टूनची हिंदी बोलतात, त्यात वाईट काही नाही. पण तीच हकिकत घरच्या शब्दांत सांगायला लागली की मूल अडखळतं, शब्द शोधतं, म्हणजे पुन्हा विचार करतं. ज्यांची नातवंडं परदेशात आहेत, अशा आजीआजोबांनाही माझं हेच सांगणं. फोनवर "जेवलास का, अभ्यास केलास का" झाल्यावर बोलणं अडतं ना? नातू बघतो त्या कार्टूनचा एक भाग तुम्हीही बघा आणि फोनवर भांडा, त्यात चूक कुणाची होती म्हणून.

रोज अर्धा तास शेजारी बसा असं मी म्हणणार नाही, जमणार नाही ते. आठवड्यातून दोनदा, एकच भाग. मूल तोच तो भाग पुन्हा मागत असेल तर खुशाल लावा. 'ब्लूज क्लूज' या अमेरिकेतल्या कार्यक्रमाचे कर्ते तर एकच भाग मुद्दाम आठवडाभर रोज दाखवायचे, कारण लहान मुलांना दर फेरीला थोडं जास्त उमगतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना मात्र पडदा नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलं आहे. घास भरवताना मोबाइल लावायची सवय मोडणं जड जातं, पण तिथूनच सुरुवात करा.

आज संध्याकाळी कार्टून लागेल तेव्हा कणीक तिंबायची परात घेऊन पाच मिनिटं त्याच खोलीत बसा. भाग संपला की एक प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर पोराला वरणभात वाढा. उद्या पुन्हा विचारा.